शंभर कौलं

जन्मस्थळ: बेकवाड, तालुका खानापूर.
पुढचा रकाना राज्याचा.
आजोबा सातेरी, मुंबई इलाखा.
बाबा, म्हैसूर.
मी, कर्नाटक.
तिघंही जन्मलो एकाच खोलीत,
न्हाणीला लागून असलेल्या.

चार पिढ्यांचा तक्ता रविवारी द्यायचाय.
टिळकवाडीतल्या भाड्याच्या हॉलात आम्ही एकोणीस जण जमतो,
त्यातले सात आमच्याच घरचे.

बाबा पहिले.
चौऱ्याण्णव साली बेंगळुरात लेथवर होते.
पांढऱ्या शर्टातली दोन गोरी पोरं
मोडक्या कन्नडात पत्ता विचारत आली,
बाबांनी मोडक्या कन्नडात सांगितला.
तिघांचं कन्नड सारखंच निघालं, तिथून ओळख.

गावी परतले ते चहा सोडून.
देव बदलला हे लोकांनी एकवेळ गिळलं,
चहा गिळवेना.
"चा पीत नाही म्हणजे काय की?
आमच्या घरचा बाटतो काय?"
थोरल्या काकांनी दोन वर्षं उंबरा ओलांडला नाही.
आई स्वतःपुरता अर्धा कप करायची, दार लोटून,
अकरा वर्षं.
मग एका सकाळी तेच पातेलं राखेनं घासलं
आणि धणे-जिरं भाजून कषाय केला.
बोलली काहीच नाही. आम्हीही विचारलं नाही.

चोवीस जुलैला हॉलात दरवर्षी एकच चित्र लावतात:
बर्फ, हातगाड्या, झालरीच्या टोप्यांतल्या बायका,
पश्चिमेला निघालेली लांब रांग.
हे आपले पूर्वज, नवा एल्डर म्हणाला.
पोरांनी माना डोलावल्या.
बाबा मागच्या खुर्चीवरून उठले:
"माझ्या आजीची गाडी जड होती.
तिच्यात कौलं होती."
कौल म्हणजे काय, हे एल्डरला समजावण्यातच
सभा उरकली.

तायव्वा.
खानापूरच्या भट्टीवरून बेळगाव, सोळा मैल,
खेपेला शंभर कौलं, पेंढ्यात उभी रचलेली.
सपाटीला भरमू ओढायचा, ती ढकलायची.
चढाला उलट, का ते ठाऊक नाही.
फुटलेल्या कौलाचे पैसे कापून घेत.

हे सगळं द्रौपदीआत्याकडून. बाबांची आत्या,
शहाऐंशीची, शेंगा सोलत बसलेली.
"मेलेल्यांची नावं कशाला लागतात गं तुमच्या देवाला?"
सांगितलं: त्यांच्या वतीनं कुणीतरी पाण्यात उतरतं.
हात थांबला तिचा.
"आणि आमची आई नको म्हणाली तर?"
म्हणू शकते. ते तिच्यावर.
"होय? जित्तेपणी एकदा नाही कुणी विचारलं तिला."
एक दाणा तोंडात टाकला.
"लिही मग. तायव्वा. बापाचं नाव रुद्राप्पा."

मी लिहिलं.
"आणि एक होती, माझ्याआधीची."

गाडीतच गेली ती,
कौलांवर चौघडी घालून निजवलेली.
मच्छेच्या अलीकडं कळलं.
बारसं व्हायचं होतं.
रस्त्याकडेला खड्डा केला, भरमूनं फुटक्या कौलानं उकरला,
आणि संध्याकाळच्या आत माल पोचवला.
"पोचवायलाच लागतो की," आत्या म्हणाली.

नावाचा रकाना.
आठ वर्षांच्या आतल्या लेकराला
आमच्यात बाप्तिस्मा लागत नाही.
"मग तिला काय लागतं?"
काही नाही. आईबापाशेजारी जागा.

आत्यानं टरफलं सुपात भरली
आणि परड्यात गेली, ती बराच वेळ आली नाही.

मी लिहिलं: मुलगी.
आईचं नाव. बापाचं नाव.
ठिकाण: मच्छे, बेळगावला जाताना डाव्या हाताला.
राज्याचा रकाना तेवढा
मोकळा ठेवला.